उतारवयातील मुखशुद्धी



हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस अबू दाऊद व तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. काही ग्रामीण अरब आदरणीय पैगंबर (स.) यांच्या सेवेत आले आणि आजारपणात औषधोपचार करावा काय, असे त्यांनी विचारले. पैगंबरांनी होकार दिला आणि सांगितले की, ज्यावर इलाज नाही असा रोग अल्लाहने निर्माण केलेला नाही. अपवाद फक्त एकाचा, वार्धक्याचा.

या हदीसच्या अखेरच्या शब्दांचा आपल्या घरांतून फार चुकीचा उपयोग होतो. अब्बांचा दात हलू लागला, दादींच्या हिरडीतून रक्त येऊ लागले, नानांना भाकरी चावेनाशी झाली की घरातील शहाणी माणसे म्हणतात, "वयच झाले आता, त्याला इलाज काय?" हे म्हणताना आपण हदीसच्या बाजूने बोलत आहोत, असेही अनेकांना वाटते. येथे थांबून विचार करणे आवश्यक आहे. केस पांढरे होणे, त्वचा सुरकुतणे, पावलांचा वेग मंदावणे हे वार्धक्य होय. दात पडणे हे वार्धक्य नव्हे. दात पडतो तो बहुतेक वेळा दोन रोगांमुळे: एक दातांची कीड आणि दुसरा हिरड्यांचा रोग. दोन्ही रोग आहेत, दोन्हींना कारणे आहेत आणि दोन्हींवर उपाय आहेत. म्हणजे ही हदीस उपचार टाळण्यासाठी नव्हे, उपचार करण्यासाठी लागू होते. साठी-सत्तरीत हे रोग अधिक दिसतात याचे कारण असे की, तीस-चाळीस वर्षे त्यांच्याकडे कोणी पाहिलेलेच नसते.

हे कसे घडते ते थोडक्यात पाहू. जेवणानंतर दातांवर एक चिकट थर जमतो. तो रोज निघाला नाही तर लाळेतील क्षारांमुळे कडक होतो. त्याला आपण दातांवरचे कीटण म्हणतो. हे कीटण हिरडीच्या कडेखाली शिरते, हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागताच रक्त येते. पुढे दाताला धरून ठेवणारे हाडच झिजू लागते. दात वरून धडधाकट दिसतो, पण त्याच्या पायाखालची माती वाहून गेलेली असते. कृष्णाकाठच्या माणसाला ही उपमा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. हिरडी खाली सरकली की दाताचे मूळ उघडे पडते. दाताच्या वरच्या भागावर कठीण कवच असते, तसे मुळावर नसते. त्यामुळे उतारवयात कीड मुळाशी लागते आणि सहसा वेदना न देता आत शिरते. ठणका सुरू होतो तेव्हा दात वाचविण्याची वेळ पुष्कळदा निघून गेलेली असते.

शरीअतच्या दृष्टीने दाताचे मोल

एका दाताचे मोल काय, हे शरीअतने किती स्पष्ट ठरविले आहे, ते अनेकांना ठाऊक नसते. दुसऱ्याच्या हातून एखाद्याचा दात गेला तर त्याची दियत, म्हणजे नुकसानभरपाई, पाच उंट. संपूर्ण मानवी जीवाची दियत शंभर उंट असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळेल. शिवाय पुढचा दात असो वा मागची दाढ, दोन्हींची किंमत समान मानली गेली. आपण मात्र दिसणाऱ्या दातासाठी दवाखाना गाठतो आणि न दिसणारी दाढ 'काढून टाका' म्हणतो.

स्वतः आदरणीय पैगंबर (स.) यांचा एक दात उहुदच्या लढाईत, हिजरी सन 3 मध्ये, शहीद झाला. हजरत फातिमा (रजि.) यांनी चेहऱ्यावरील जखम धुतली आणि रक्त थांबेना तेव्हा चटई जाळून तिची राख जखमेत भरली. त्या काळी हाती असलेला उपचार तत्काळ केला गेला. याच प्रसंगाला जोडून आपल्याकडे एक कथा मोठ्या भक्तिभावाने सांगितली जाते की, हजरत उवैस करनी (रह.) यांनी ही वार्ता ऐकून आपले सर्व दात पाडून घेतले. प्रमाणित हदीससंग्रहांत या कथेला आधार सापडत नाही, आणि आपल्या हाताने आपल्या देहाची हानी करणे शरीअतला मान्यही नाही. पैगंबरांवरील प्रेमापोटी दात पाडण्याचा नव्हे, दात स्वच्छ ठेवण्याचा मार्ग त्यांनी आपल्याला दाखविला आहे.

अखेरच्या घटकेतील मिसवाक

मिसवाकविषयीच्या हदीस आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. उम्मतवर भार पडेल अशी चिंता नसती तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिसवाक करण्याची आज्ञाच दिली असती, असे पैगंबरांनी सांगितले. घरात पाऊल टाकताच ते प्रथम मिसवाक करीत, रात्री तहज्जुदला उठत तेव्हाही करीत. मिसवाक मुखाची शुद्धी आहे आणि पालनकर्त्याच्या प्रसन्नतेचे साधन आहे, असा तिचा गौरव त्यांनी केला. परंतु माझ्या मते वृद्धांची सेवा करणाऱ्या प्रत्येकाने ज्या हदीसपाशी अधिक वेळ थांबावे, ती पैगंबरांच्या अखेरच्या घटकेची आहे. ती बुखारीत आहे आणि ती सांगणाऱ्या हजरत आयशा (रजि.) आहेत.

पैगंबर (स.) हजरत आयशांच्या घरी, त्यांच्याच आधाराने टेकलेले होते. वय त्रेसष्ट वर्षांचे, दुखणे पराकोटीला गेलेले, बोलण्याची शक्ती उरलेली नाही. इतक्यात आयशांचे बंधू हजरत अब्दुर्रहमान (रजि.) आत आले, त्यांच्या हातात मिसवाक होती. पैगंबरांची दृष्टी तिच्यावर खिळली. आयशांनी ती नजर ओळखली. मिसवाक हवी काय, असे त्यांनी विचारले. पैगंबरांनी मान हलवून होकार दिला. ती दिली, पण त्यांना कठीण वाटली. मऊ करून देऊ काय, असे त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा मानेनेच होकार मिळाला. मग आयशांनी ती आपल्या दातांनी चावून मऊ केली आणि त्यांच्या हाती दिली.

वाचकहो, या छोट्याशा प्रसंगातील प्रत्येक पायरी पाहा. आजारी माणसाला बोलता येत नव्हते, तरीही मुख स्वच्छ असावे ही इच्छा त्याच्या मनात शिल्लक होती. सेवा करणाऱ्याने त्याच्या नजरेवरून ती ओळखली. ओळखल्यावरही परस्पर काही केले नाही, आधी विचारले. साधन कठीण आहे हे ध्यानात येताच ते त्याच्या शक्तीला मानवेल असे करून दिले, आणि तेही पुन्हा विचारून. आज आपल्या घरात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले वडील असतात. त्यांना वेळेवर औषध दिले जाते, कपडे बदलले जातात, भेटायला येणाऱ्यांसमोर चादरही स्वच्छ असते. पण त्यांचे तोंड किती दिवसांत कोणी धुतले नाही, हा प्रश्न आपण स्वतःला विचारतो काय? त्यांच्या तोंडाला वास येतो म्हणून नातवंडे जवळ जात नाहीत, आणि ते का येत नाहीत हे कळूनही तो वृद्ध काही बोलू शकत नाही. आई-वडिलांपैकी कोणी वार्धक्याला पोहोचले तर त्यांच्यापुढे त्रासिक उद्गारही काढू नये, असे सूरह बनी इस्राईलमध्ये फर्माविले आहे. नाकाला लावलेला रुमाल हाही एक उद्गारच असतो.

अंथरुणावरील व्यक्तीच्या तोंडाची स्वच्छता हा केवळ वासाचा प्रश्न नाही. तोंडातील घाण व जंतू श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरतात आणि दुर्बल माणसाला त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून दिवसातून दोन वेळा हे काम झालेच पाहिजे. रुग्णाचे डोके उशीने उंच करावे किंवा त्याला कुशीवर वळवावे. लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश पाण्यात बुडवून, झटकून, हळुवारपणे दातांवर व हिरड्यांच्या कडेने फिरवावा. दात नसतील तर बोटाला स्वच्छ ओले फडके गुंडाळून हिरड्या, गालांची आतली बाजू, टाळू व जीभ पुसून घ्यावी. तोंडात पाणी ओतू नये. गिळण्याची शक्ती कमी झालेल्या माणसाला ठसका लागतो. शेवटी ओठांवर थोडे व्हॅसलीन लावावे. एवढे करायला पाच मिनिटे पुरतात.

मिसवाक आणि ब्रश

मिसवाक ज्या झाडाच्या मुळाची व फांदीची असते त्याला आपण पीलू म्हणतो, अरबीत अराक. मशिदीबाहेर आणि अत्तराच्या दुकानांत ती मिळते. ती नसेल तर लिंबाची किंवा बाभळीची काडी सातारा-सांगलीच्या बांधाबांधावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जेथे मिसवाकची पद्धत रूढ आहे तेथे तिला उत्तेजन दिले आहे. मात्र उतारवयात ती वापरण्याची रीत बदलावी लागते. हिरडी खाली सरकलेली असताना सुकी, कडक मिसवाक आडवी जोरात घासली तर उघडे पडलेले मूळ झिजते आणि दात शिवशिवू लागतात. टोक पाण्यात चांगले भिजवावे, तंतू मऊ होऊ द्यावेत, जुने तंतू कापून टाकीत जावे, आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवावी.

ब्रशने सुन्नत अदा होते काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. अनेक उलेमांचे मत असे की, मुखशुद्धीचा जो हेतू आहे तो ब्रशनेही साध्य होतो. मिसवाकच्या लाकडाचे सुन्नत म्हणून असलेले स्थान वेगळे आहे. मग दोहोंत भांडण लावण्याचे कारणच काय? इशाच्या नमाजनंतर झोपण्यापूर्वी आणि सकाळी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन मऊ ब्रशने दात घासावेत. वुजूच्या वेळी मिसवाक करावी. फ्लोराइड मुळाशी लागणारी कीड रोखते, म्हणून वृद्धांसाठी तिचे महत्त्व विशेष. कोळशाची पूड, विटेची भुकटी, जाडे मीठ यांनी दात पांढरे दिसतात ते खरडले गेल्यामुळे. हाताच्या सांध्यांना सूज असून ब्रशचा दांडा धरवत नसेल तर त्यावर जुने कापड जाड गुंडाळावे किंवा सायकलच्या मुठीचे रबर बसवावे.

वयोमानाप्रमाणे रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, नैराश्यावरील अशा अनेक गोळ्या सुरू होतात आणि त्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. लाळ ही अल्लाहने दिलेली अखंड धावती मुखशुद्धीच होय. ती आटली की कीड झपाट्याने वाढते. पाच वेळच्या वुजूतील तीन-तीन चुळा अशा माणसाला मोठा दिलासा देतात. पण घसा ओला राहावा म्हणून दिवसभर गालात खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी धरून ठेवण्याची सवय मात्र सोडावी. तिच्याऐवजी पाण्याचे छोटे घोट घ्यावेत. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावे.

मिश्रीची डबी

आता ज्या विषयासाठी हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला, त्याकडे वळतो. सातारा, सांगली आणि आसपासच्या मुलखात तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, त्यांची पूड करून ती दातांना लावण्याची चाल पिढ्यानुपिढ्या आहे. कोठे तिला मिश्री म्हणतात, कोठे मशेरी. हिंदू-मुस्लिम असा भेद या सवयीने कधी पाळला नाही. माझ्या नानींच्या कमरेला चाव्यांच्या जुडग्याबरोबर ती पत्र्याची डबी असे. त्यांना ती त्यांच्या सासूबाईंनी दिली होती, दाढ दुखत होती म्हणून. दाढ काही महिन्यांनी पडून गेली. डबी पन्नास वर्षे राहिली.

या सवयीची खरी कपटी बाजू हीच आहे की ती दात घासण्याचे सोंग घेऊन येते. ज्या स्त्रीने आयुष्यात पानाला वा तंबाखूला हात लावला नाही, जी नमाज-रोजाची पाबंद आहे, ती स्वतःला व्यसनी मानीत नाही. ती म्हणते, "मी तर दात घासते." पण तंबाखू भाजली तरी तिच्यातील निकोटीन पुरते नाहीसे होत नाही; ते हिरडीवाटे रक्तात जाते. म्हणूनच मिश्री सकाळी एकदा लावून भागत नाही. दुपारी कामे उरकल्यावर, सायंकाळी चहानंतर, रात्री झोपताना बोट पुन्हा डबीत जाते. जेथे ती रोज चोळली जाते तेथे हिरडी मागे सरते, तेथील आवरण पांढरट व जाड होते, आणि काहींच्या बाबतीत त्याच जागी कर्करोग होतो. धूरविरहित तंबाखू आणि सुपारी ही दोन्ही मानवाला कर्करोग करणारी द्रव्ये आहेत, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. स्वतःला हानी पोहोचवू नये आणि दुसऱ्यालाही पोहोचवू नये, हे हदीसचे तत्त्व फिक्हच्या पायाभूत नियमांत गणले जाते. पुरुषांची तंबाखू-चुन्याची चिमूट आणि सुपारी यांनाही ते तितकेच लागू आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे पानपट्टीवर उभे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

परंतु म्हणून आजच घरी जाऊन आजीची डबी सुनांसमोर उकिरड्यावर फेकू नका. पन्नास वर्षांची सवय अपमानाने सुटत नाही, ती चोरून चालू राहते. तिच्याशी एकांतात बोला आणि रमजानची आठवण द्या. ज्या स्त्रिया एरवी दोन तास मिश्रीशिवाय राहू शकत नाहीत, त्या रमजानमध्ये सहेरीपासून मगरिबपर्यंत तेरा-चौदा तास तिला स्पर्श करीत नाहीत, आणि असे एकोणतीस-तीस दिवस. इफ्तारनंतर मात्र कित्येकींचा हात खजुराच्या पाठोपाठ डबीकडे जातो. दिवसाचे चौदा तास जे अल्लाहसाठी सोडता आले, ते रात्रीचेही सोडता येईल. रमजानपूर्वी शाबानमध्येच एकेक वेळ कमी करीत आणावी. प्रथम झोपतानाची, मग दुपारची. पहिल्या काही दिवसांत चिडचिड होते, झोप लागत नाही, तोंडात काहीतरी हवेसे वाटते. तेव्हा बडीशेप चालेल, मिसवाक त्याहून उत्तम. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी भारत सरकारची 1800-11-2356 ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

तोंडातील जखम, छाला किंवा गाठ दोन आठवड्यांत बरी झाली नाही, पांढरा अथवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीसारखे उघडेनासे झाले, गिळताना दुखू लागले, मानेत गाठ हाताला लागली, तर घरगुती लेप करीत बसू नये. असा कर्करोग सुरुवातीला सहसा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच लोक उशिरा जातात.

चावता न येणाऱ्याचे ताट

दाढा गेल्या की माणूस हळूहळू भाकरी, भाजी, डाळिंब, काकडी सोडतो आणि चहात बुडविलेल्या पावावर, खारीवर, टोस्टवर येतो. दाताने ऊस सोलून खाणारी आपल्या जिल्ह्यांतील ही पिढी अखेरीस चहा-बिस्किटांवर जगते. त्यात साखर व मैदा असतो, जे थोडे दात उरलेले असतात त्यांना तो चिकटून बसतो, आणि मधुमेह असेल तर साखर आणखी चढते. मधुमेह आणि हिरड्यांचा रोग एकमेकांना बळ देतात: साखर वाढली की हिरड्या लवकर सुजतात, आणि हिरड्यांतील जुनाट सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. मधुमेहाची गोळी नेमाने घेऊनही साखर हटत नसेल तर एकदा तोंडही तपासून घ्यावे.

बकरी ईदच्या दिवशी हे विशेष जाणवते. सर्वांसाठी कुर्बानीचे मटण शिजते, आणि वडील मंडळी दोन तुकडे न चावताच गिळून टाकतात किंवा भूक नाही म्हणून हात धुतात. त्यांच्यासाठी वेगळा खिमा वाटून, शोरब्यात मऊ शिजवून आधी वाढावा. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यावी. मूग, अंडे, दही, शिजवून घोटलेली पालेभाजी यांनी पोषण होते. इफ्तारचा खजूर भिजवून बी काढून ठेवावा.

कवळी: फिक्ह आणि निगा

कृत्रिम दात बसविणे म्हणजे अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करणे होय, अशी शंका काही धार्मिक वृत्तीच्या वृद्धांच्या मनात असते आणि ते पोपल्या तोंडाने राहणे पत्करतात. हजरत अर्फजा बिन असअद (रजि.) यांचे उदाहरण त्यांना सांगावे. इस्लामपूर्व काळातील कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसविले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबरांनी त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषांना सोने निषिद्ध असतानाही गरजेपोटी ही मुभा मिळाली. याच आधारावर फकीहांनी दात बांधण्याच्या प्रश्नाचा विचार केला; इमाम मुहम्मद (रह.) यांनी सोन्याने दात बांधणे अनुमत मानले, तर इमाम अबू हनीफा (रह.) यांनी चांदीलाच पसंती दिली. आजच्या सिरॅमिकच्या वा अन्य धातूंच्या दातांबाबत ही अडचणही उरत नाही. गमावलेला अवयव पुन्हा उपयोगात आणणे आणि केवळ मिरविण्यासाठी निर्मिती बदलणे यांत मोठे अंतर आहे.

गुस्लविषयी मात्र ध्यानात ठेवावे. हनफी मतानुसार, आणि आपल्या भागात बहुसंख्य लोक हनफीच आहेत, फर्ज गुस्लमध्ये चूळ भरून संपूर्ण तोंडात पाणी पोहोचविणे फर्ज आहे. म्हणून काढता येणारी कवळी गुस्लपूर्वी काढावी. पक्की बसविलेली टोपी किंवा दात काढण्याची आवश्यकता नाही, तो शरीराचा भागच समजला जातो. वुजूमध्ये चूळ सुन्नत आहे, तेव्हा प्रत्येक वुजूला कवळी काढलीच पाहिजे असे नाही. कोकणातील शाफई बांधवांकडे गुस्लमधील चूळही सुन्नत आहे.

कवळी रात्री काढून ठेवावी. हिरड्यांना विश्रांती मिळते आणि कवळीखाली होणारा बुरशीचा लालसर संसर्ग टळतो. काढलेली कवळी कोरडी ठेवू नये, साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्याने ती वाकडी होते. धुताना खाली पाण्याचे घमेले किंवा टॉवेल ठेवावा, कारण हातातून निसटून मोरीवर पडलेली कवळी सहसा दुभंगते. पेस्टने तिच्यावर चरे पडतात, म्हणून मऊ ब्रश आणि साधा साबण वापरावा व भरपूर पाण्याने धुवावी. ढिली झालेली कवळी चिकटविण्याचे घरगुती प्रयोग करू नयेत. हाड वर्षानुवर्षे झिजत राहते, त्यामुळे चांगली कवळीही काही वर्षांनी पुन्हा मापून घ्यावी लागते. कवळी घासून झालेला व्रण बरा होत नसेल तर वर सांगितलेला दोन आठवड्यांचा नियम येथेही पाळावा.

दातांचा आणखी एक संबंध आहे, जो फक्त कुरआन वाचणाऱ्यालाच कळतो. तजवीदच्या विद्येत बत्तीस दातांना स्वतंत्र नावे आहेत: सनाया, रुबाइयात, अनयाब आणि अजरास, अक्षरांचे मखरज यांच्याच आधारे सांगितले जातात. से, जाल आणि जोय ही अक्षरे जिभेचे टोक वरच्या पुढील दोन दातांच्या कडेला लागून निघतात. फे हे अक्षर त्याच दातांची कडा खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला टेकून निघते. ज्वादसाठी जिभेची कड वरच्या दाढांना भिडावी लागते. पुढचे दात गेले की से आणि सीन यांच्यातील भेद ऐकू येईनासा होतो. ज्याला जमत नाही त्याच्यावर आक्षेप नाही. अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीबाहेरचा भार टाकीत नाही. पण मकतबात पिढ्या घडविलेला एखादा वृद्ध उस्ताद आपल्याच तिलावतीवर असमाधानी होऊन मुलांसमोर पढणे सोडून देतो, तेव्हा त्याच्या शागिर्दांनी वर्गणी काढून कवळी करून द्यावी, यापेक्षा योग्य हदिया कोणता?

दवाखान्यात जाताना

खर्चाची चिंता खरी आहे, पण मार्गही आहेत. सातारा व सांगलीच्या शासकीय सर्वसाधारण रुग्णालयांत दंतविभाग आहेत. सांगलीत भारती विद्यापीठाचे आणि जवळच कवलापूर येथे वसंतदादा पाटील यांच्या नावाचे दंत महाविद्यालय आहे. कराडजवळ मलकापूर येथे कृष्णा संस्थेचे आहे. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, त्यामुळे खर्च बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. वेळ मात्र अधिक द्यावा लागतो आणि तीन-चार खेपा होतात. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे. साठ वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक पंधरा हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना तिच्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांबरोबर दातांची कवळीही विनामूल्य मिळू शकते. अशी शिबिरे तालुक्याच्या ठिकाणी होतात आणि त्यांची वार्ता आपल्या मोहल्ल्यांत बहुधा शिबिर संपल्यावर पोहोचते. जुमाच्या नमाजनंतर ही घोषणा करण्याचे काम मशिदीच्या विश्वस्तांनी अंगावर घ्यावे.

दंतवैद्याकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे काय, हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे काय, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध किंवा इंजेक्शन घेतले आहे काय, हे आपणहून सांगावे. दात काढण्यापूर्वी या गोष्टी कळणे अत्यावश्यक आहे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मधुमेहींनी साखर तपासून जावे. दुखऱ्या दाढेपाशी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नये, हिरडी भाजते.

शुक्रवार हा गुस्ल, सुगंध आणि मिसवाकचा दिवस आहे. त्या दिवशी नखे कापण्यासाठी आपण मुलांना पुढ्यात घेतो. जुमाच्या तयारीत त्याच वेळी आई-वडिलांनाही उजेडात बसवावे आणि परवानगी घेऊन, मोबाईलच्या दिव्यात त्यांचे तोंड पाहावे. कवळी आधी काढून घ्यावी. ओठ आतून, दोन्ही गाल, जिभेच्या दोन्ही कडा, जीभ वर उचलून तिच्याखालची जागा, टाळू, आणि मिश्रीची सवय असेल तर ती जेथे लावतात ती हिरडी.